आम्हाला नादार होऊ द्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना अमळनेरहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थ व कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली.

विषय : नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ मधलं 'फ्रेश स्टार्ट'चं (फेडू न शकणाऱ्या गरिबाला देण्यांतून सोडवायचं) प्रकरण लागू करण्याबाबत.

मॅडम, सप्रेम नमस्कार.

विषय वाचून हे कुणा वकिलाचं पत्र वाटेल. पण मी अमळनेरला बिबडे, पापड आणि शेवया करून विकते. शिक्षण बारावी, तेही लग्नानंतर पूर्ण केलेलं. पत्र मी बोलतेय, मुलगी टाइप करतेय. कलमांचे आकडे तिनं मोबाइलवर शोधले. बाकी जे वेडंवाकडं असेल ते माझं.

अमळनेर तुम्हाला ठाऊक असेल. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी जुन्या काळात तिचे शेअर घेतले आणि विकायचे राहून गेले, ती घरं कोट्यधीश झाली. अधूनमधून कुणी पत्रकार येतो आणि 'कोट्यधीशांचं गाव' म्हणून बातमी करून जातो. माझे आजेसासरे प्रताप मिलमध्ये होते. त्यांनी शेअर घेतले नाहीत. पुढे मिलही बंद पडली. तो विषय तिथेच संपला.

आधी हिशेब सांगून टाकते. दोन वर्षं मी तो कुणालाच पुरता सांगितला नव्हता. नवऱ्याला अर्धा, सासूला पाव, माहेरी भावाला काहीच नाही, असा वाटून वाटून सांगितला. असं सांगण्यात एक गंमत होते. प्रत्येकाला वाटतं, एवढंच आहे ना, निघेल. आपल्यालाही मग तसंच वाटायला लागतं.

पहिलं कर्ज ४०,००० रुपयांचं, शेवयांच्या मशीनसाठी, बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीचं. गल्लीतल्या पाच जणींचा गट, एकीची जबाबदारी पाचींवर. व्याज वर्षाला २५ टक्के, मुदत २४ महिने, हप्ता २,१३५. ते निम्मं फिटलं होतं तेव्हा कंपनीनंच बाकी वळती करून पुन्हा ४०,००० चं केलं, म्हणजे मीटर परत शून्यावर. मग नवरा बाजार समितीत पोत्याखाली आला आणि त्याची मांडी मोडली. ज्या दवाखान्यात नेलं तो सरकारी योजनेत नव्हता आणि रात्री साडेअकराला दवाखाना निवडत बसायला वेळ नव्हता. बिल ६२,०००. दुसऱ्या कंपनीचं ५०,००० घेतलं, हप्ता २,६६९. पुढे पावसाळ्यात दोन्ही हप्ते थकायला लागले आणि मुलीची फी आली, तेव्हा तिसऱ्या कंपनीचं ३५,०००, हप्ता १,८६८. शिवाय गल्लीतल्या एका बाईकडून २०,०००, शेकडा पाचनं. म्हणजे महिन्याला १,००० नुसतं व्याज. मुद्दल तिथल्या तिथे.

बेरीज तुम्ही करालच, पण मी हजारदा केलेली आहे म्हणून सांगते : महिन्याला ७,६७२ रुपये.

आता कमाई. बिबड्यांचा धंदा उन्हाचा आहे. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, पहाटे चारला चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, तीळ-लसूण-मिरची घालायची आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर ओल्या कापडावर थापत सुटायचं. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. लोक त्या उन्हाला शिव्या घालतात, मी हात जोडते. माघापासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत), थोडं पुढेही, असे चार महिने मला महिन्याला १२,००० च्या आसपास सुटतात. पाऊस लागला की बिबडे बंद, शेवया बंद. मग साडीला फॉल-पिको आणि ब्लाउज. त्याचे महिन्याला जेमतेम ३,०००. नवरा आधी हमालीत ९,००० पर्यंत आणायचा. पाय मोडल्यापासून वखारीवर रात्रीच्या राखणीला बसतो, ५,००० मिळतात. सगळं वर्षभरावर पसरलं तर घरात महिन्याला ११,००० येतात. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात ते वेगळे. पण तिसरं कर्ज घेतलं तेव्हा ते नव्हते.

११,००० तून ७,६७२ गेले की उरले ३,३२८. माणसं चार.

आणि हे ११,००० तरी सरासरीचे. कानबाईच्या रोटांच्या वेळी, ऐन श्रावणात, घरात ८,००० येतात आणि हप्ता तेवढाच. हप्त्याला ऋतू नसतो. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड पीक आल्यावर असते, हे बँकांना फार पूर्वी समजलं. बिबडे हेही एक पीक आहे आणि त्याची सुगी मेमध्ये येते, हे कुणाला सांगायचं?

आता तुमचे नियम. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जांसाठी नवे नियम आणले. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, त्याला विनातारण दिलेलं कर्ज ते सूक्ष्म कर्ज. आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला दोनदा वाचायला लावलं. माझ्या ११,००० चे निम्मे ५,५००. पहिल्या दोन कर्जांचे हप्ते ४,८०४. म्हणजे तिसऱ्या कंपनीनं मला दारातूनच परत पाठवायला हवं होतं.

मग मिळालं कसं? तिसऱ्या कंपनीच्या कागदाची प्रत मुलीनं काढून आणली. त्यावर 'कुटुंबाचं मासिक उत्पन्न : रु. २४,०००' असं लिहिलंय. वर्षाचे २,८८,०००. तीन लाखांच्या बरोबर आत, आणि निम्मे १२,००० म्हणजे हप्ते आरामात बसतात. हा आकडा कंपनीकडून कर्ज द्यायला आणि हप्ते घ्यायला येणाऱ्या पोरानं लिहिला. लिहिताना त्यानं मला विचारलं होतं, "काकू, चोवीस टाकू ना?" आणि मी मान डोलावली होती. खोटं का बोलू? मला पैसे हवे होते. त्या दिवशी त्यानं खरा आकडा लिहून मला नाही म्हटलं असतं तर मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत शिव्या दिल्या असत्या. पण नियम हा अशा दिवसांसाठीच असतो ना, जेव्हा माणूस स्वतःच्या भल्याचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतो? तुमच्या नियमानं निम्म्याची मर्यादा घातली आणि शंभर किती हे ठरवायचं काम ज्याला कर्ज खपवायचं टार्गेट आहे त्याच्याच पेनावर सोडलं.

त्या पोराचंही सांगायला हवं. पारोळ्याकडचा आहे, तेवीस-चोवीसचा, मोटारसायकल कर्जावर. संध्याकाळी ब्रँचला वसुली कमी पडली तर साहेब सगळ्यांसमोर उभं करतात, म्हणाला. एकदा माझ्या ओट्यावर बसून त्यानं माझ्याच घरचं पाणी पीत सांगितलं, "काकू, तुमचे पाचशे मी माझ्या खिशातून घातले, पुढच्या वेळी द्या." दिले मी. तो वाईट नाही. पण तोच पोरगा सकाळी साडेसातला दारात गाडी लावून बसलाय, असंही झालंय. नियमात सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं आहे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, असं आहे. वसुली ठरलेल्या जागी करायची. तिथे कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जायचं, असंही आहे. मी सेंटरला, म्हणजे गटाच्या हप्त्याच्या बैठकीला, एकदाही चुकले नव्हते. अर्धे पैसे घेऊन गेले होते, एवढंच.

आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायला गाडी लावावी लागत नाही. गट असतो. गटात एकीचे कमी पडले की मीटिंग सुटत नाही. चौघी बसून राहतात. एकीचं पोर शाळेतून यायचंय, एकीच्या गॅसवर डाळ आहे, आणि सगळ्या तुमच्याकडे बघत नाहीत. बघत नाहीत, हे जास्त लागतं. आमच्यातली एक जण एका रात्रीत बिऱ्हाड घेऊन सुरतला निघून गेली, उधन्याला तिचा दीर आहे. तिचा हप्ता तीन महिने आम्ही चौघींनी भरला. आधी आम्ही तिच्या नावानं बोटं मोडली. आता वाटतं, तिनं जे केलं त्याला तुमच्या कायद्यात नाव असतं तर तिला अंधारात टेम्पो भरावा लागला नसता.

अडकणं म्हणजे काय, ते लोकांना वाटतं तसं मोठं, नाट्यमय नसतं. माझ्याबाबतीत ते असं आहे. बाजारात जायचा जवळचा रस्ता सोडून मी मागच्या बोळातून जाते, कारण पुढे ती शेकडा पाचवाली बाई ओट्यावर निवडत बसलेली असते. लग्नाच्या पत्रिका आल्या की आनंद होत नाही, आहेराचा आकडा येतो. गेल्या आखाजीला मी माहेरी गेले नाही. खान्देशात सासुरवाशीण आखाजीला माहेरी जात नाही म्हणजे एक तर ती बाळंत आहे नाही तर घरात काही घडलंय. भावाला मी ऑर्डर जास्त आहेत म्हणून सांगितलं. खरं म्हणजे गेले तर भाऊ साडी घेणार, आणि साडी घेतलेल्या भावापुढे मला रडू आवरलं नसतं. सासू झोपाळ्याकडे बघत म्हणाली, "आते कितला दिन असं चाली वं?" मी म्हटलं, चालेल. काय म्हणणार?

काम सोडून दुसरं काही करावं, तर त्याला भांडवल लागतं. पुण्याला जावं, तर खोलीचं डिपॉझिट लागतं. मशीन विकावं, तर आठ-नऊ हजार येतील आणि उन्हाळ्याची कमाई जाईल. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी आधी पैसे मागणारा बसलेला आहे. मुलगी म्हणते, मी कॉलेज सोडून मेडिकलच्या दुकानात लागते. तिला मी अजून तरी लागू दिलं नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. मुलगी म्हणाली, लिही. माझ्या तिन्ही कर्जांवर विमा आहे, त्याचा हप्ता कर्ज देतानाच कापून घेतात. मी मेले किंवा नवरा मेला तर ते कर्ज माफ होतं. पावसाळ्यातल्या एका रात्री हा हिशेब आपोआप माझ्या डोक्यात मांडला गेला, अगदी दुधाच्या खात्यासारखा. मी इतकी घाबरले की उठून दिवा लावला आणि मुलीला हलवून जागं केलं. त्या रात्री मी तिला पहिल्यांदा सगळे आकडे सांगितले, वाटून नाही, एकदम. आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो. ज्यांना असा हिशेब सुचतो त्यांना मी एवढंच सांगेन की लगेच कुणाला तरी उठवा. घरात कुणी नसेल तर सरकारचा १४४१६ नंबर आहे, टेली मानस म्हणून, तो चोवीस तास चालतो.

पण मॅडम, त्या हिशेबाकडे तुम्हीही बघा. कर्जदार मेल्यावर काय करायचं, याची व्यवस्था चोख आहे. आपल्या राज्यात कर्जापायी आत्महत्या केलेल्या पात्र शेतकऱ्याच्या घरी सरकार एक लाख रुपये देतं, त्यातले ३०,००० रोख आणि बाकी ठेवीत. माझ्यासारखीच्या मरणाला विमा आहे. जो फेडू शकत नाही आणि जिवंत आहे, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न मी आमच्या ओळखीच्या एका काकांना विचारला. ते कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेत. ते हसले आणि म्हणाले, "तू नादार हो." मला वाटलं टोमणा मारतायत. पण खरंच तसा कायदा आहे म्हणे, १९२० चा, इंग्रजांनी मोठ्या शहरांबाहेरच्या लोकांसाठी केलेला. ५०० रुपयांचं देणं असलं तरी माणूस कोर्टात जाऊन सांगू शकतो की माझी देणी मला फेडता येत नाहीत. तो कायदा अजून पुस्तकात आहे. वकिलाकडे गेलो. ते सभ्य होते, म्हणाले की हे काम हल्ली कुणी करत नाही, वर्षानुवर्षं चालेल, आणि सुरुवातीला १५,००० लागतील. नादार व्हायलाही १५,००० लागतात, यावर मी आणि मुलगी बसस्टँडपर्यंत हसत आलो. खूप दिवसांनी हसलो.

मुलीनं मग पुढचं शोधलं. २०१६ साली संसदेनं नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्या बुडाल्या की काय करायचं ते त्यात आहे आणि तो भाग त्याच वर्षाअखेरीपासून जोरात चालू आहे. बँका तिथे जातात, बसून ठरवतात आणि मान्य झालेल्या दाव्यांपैकी सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास पदरात पाडून घेतात. उरलेलं सोडून देतात. त्याला हेअरकट म्हणतात. माझ्या नवऱ्याचा हेअरकट साठ रुपयांत होतो. मला त्या कंपन्यांचा राग नाही, खरंच नाही. बुडालेल्याला कायमचं बुडवून ठेवून कुणाचा फायदा नाही, हे त्या कायद्यामागचं डोकं शहाणं आहे. माझी तक्रार वेगळी आहे.

त्याच कायद्याच्या तिसऱ्या भागात माणसांसाठीही प्रकरण आहे, साध्या माणसांसाठी. त्यातही अगदी गरिबांसाठी एक वेगळी वाट आहे, कलम ८० पासून पुढे, तिला 'फ्रेश स्टार्ट' म्हटलंय. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. नेमलेला एक तज्ज्ञ तुमचे कागद तपासतो. अर्ज दाखल करून घेतला की १८० दिवस वसुली थांबते. कुणी खोटं बोलत असेल तर ते या काळात उघडं पडतं. शेवटी अटींत बसणारी देणी माफ होतात आणि माणूस परत पहिल्या पायरीवर उभा राहतो. यात फुकटेपणा होऊ नये म्हणून अटीही घातल्यात. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेलं कर्ज त्यात धरत नाहीत, शैक्षणिक कर्ज धरत नाहीत, पोटगी धरत नाहीत. मला हे सगळं वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. कुणीतरी दिल्लीत बसून आमचा विचार केला होता.

मग मुलगी म्हणाली, "आई, हे लागूच नाही."

संसदेनं मंजूर केलं २०१६ ला. तिसऱ्या भागातला फक्त एक तुकडा १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींसाठी. म्हणजे माणूस म्हणून दार उघडलं तेही कंपनीच्या माणसालाच. बाकीचं प्रकरण अधिसूचनेची वाट बघत पडलेलं आहे. अधिसूचना काढायची तुमच्या मंत्रालयानं. म्हणून हे पत्र तुम्हाला, रिझर्व्ह बँकेला नाही.

पण नुसतं कुलूप काढूनही भागणार नाही, कारण दार आमच्या उंचीचं नाही. कलम ८० च्या अटी बघा. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या वर नको, म्हणजे महिन्याला ५,०००. मालमत्ता २०,००० च्या वर नको. बसणारं कर्ज ३५,००० च्या वर नको. स्वतःच्या मालकीचं राहतं घर नको, मग ते गहाण असो वा नसो. माझं स्वतःचं उत्पन्न ७२,०००, कर्ज तर कितीतरी वर. या दोन्हींत मी बसत नाही. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तेवढी एक अट पार होते. उद्या ती दोन पत्र्याच्या खोल्या माझ्या नावावर करेल तर तिथेही संपलं.

३५,००० चा आकडा कुणी काढला ते मला समजून घ्यायचंय. कायदा झाला त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ ला, रिझर्व्ह बँकेनं या कंपन्यांच्या कर्जदार बाईच्या डोक्यावरच्या एकूण कर्जाची मर्यादा ५०,००० वरून १ लाख केली होती. म्हणजे एका खात्यानं सांगितलं, हिला एक लाखापर्यंत बुडू द्या. दुसऱ्या खात्यानं सांगितलं, पस्तीस हजारांत बुडाली तरच बाहेर काढू. तेव्हाच हे जुळत नव्हतं, आता तर सोडूनच द्या.

सावकाराचंही बघा ना. २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर व्याज वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत, आणि व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाता कामा नये. दामदुप्पट म्हणतात, जुना नियम आहे, माझ्या आजीलाही माहीत होता. कंपनीला मात्र हा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ ला सांगितलं. रिझर्व्ह बँकेनं व्याजाची वरची मर्यादा त्याच वर्षी काढून टाकली. गल्लीतली ती बाई शेकडा पाच घेते ते बेकायदाच आहे, परवाना तिच्याकडे नाही. पण दवाखान्याच्या त्या रात्री आधी तिनंच दार उघडलं होतं. तिच्यावर केस करा असं मला सांगू नका.

कर्जमाफी मी मागत नाही, हेही लिहून ठेवते. राज्यात २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. दोन्ही शेतीच्या कर्जाच्या. माझ्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे त्या मांडवात आम्हाला बोलावणंच नव्हतं. बरंच झालं. माफी कधी येणार या आशेवर चांगली फेडणारी माणसंही हात आखडतात, हे मी आमच्या गटात बघितलंय. मला सरसकट काही नको. माझं एकटीचं प्रकरण कुणीतरी कागद समोर ठेवून बघावं, खरं-खोटं तपासावं, जेवढं जमतं तेवढं फेडायला लावावं आणि उरलेल्यावर शिक्का मारावा. यात मला क्रेडिटचा डाग लागेल, पुढची काही वर्षं कुणी कर्ज देणार नाही. चालेल. खरं सांगू, त्याचीच मला जास्त गरज आहे.

मग नेमकं काय करायचं? तिसऱ्या भागाची ही वाट अधिसूचित करा. उत्पन्नाचा, मालमत्तेचा आणि कर्जाचा आकडा आजच्या सूक्ष्म कर्जांना जुळेल असा करा आणि राहत्या घराची अट काढा. हे आकडे कायद्यातच आहेत त्यामुळे दुरुस्तीसाठी संसदेत जावं लागेल असं काका म्हणतात, तर जा. अर्ज तालुक्याच्या कोर्टात घ्यायची सोय करा. कर्जवसुली न्यायाधिकरण आमच्या जिल्ह्यात नाही, आणि ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो एसटीचं तिकीट काढून दुसऱ्या जिल्ह्यात तारखांना कसा जाईल? तालुक्याला विधी सेवा समिती आहे, फुकट वकील देते, तिला हे काम द्या. आणि रिझर्व्ह बँकेला एवढं सांगा, की फॉर्मवर कुटुंबाचं उत्पन्न जो लिहितो त्याच्या कंपनीनं त्या आकड्याची जबाबदारी घ्यावी. खोटा निघाला तर त्यावर उभं राहिलेलं कर्ज वसूल करायचा तिचा हक्क कमी व्हावा. मग बघा कसे सगळे बिबडेवालीला खरी सुगी विचारतात.

दरम्यान आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. मुलीनं दोन कंपन्यांना लेखी पत्र दिलं, की जून ते जानेवारी हप्ता कमी करा, फेब्रुवारी ते मे वाढवून घ्या, एकूण रक्कम तीच. एकीनं पोच दिली, दुसरीनं तीही नाही. तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ वर तसं सांगितलं. आज एकोणिसावा दिवस आहे. भावालाही सांगितलं शेवटी. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी गहू-ज्वारीची दोन पोती मोटारसायकलवर बांधून घेऊन आला आणि चहा न घेता गेला. पुढच्या आखाजीला जाईन म्हणते.

उद्या सेंटर आहे. सकाळी दहाच्या आधी शेजारीण दार वाजवेल, "चाल वं, साहेब ई गया." माझ्याकडे २,१३५ मधले १,७०० आहेत. उरलेले ४३५ फॉल-पिकोच्या तीन साड्या आज रात्री झाल्या तर होतील.

या पत्राला उत्तर द्यायचं झालं तर कृपा करून पोस्टानं पाठवा. अनोळखी नंबरचा फोन मी उचलत नाही.

आपली,
अमळनेरची एक बिबडेवाली